चाईचा खर्च, बाईचा निर्णय

(महिला गटांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन आहे. भाषणात आलेल्या बायकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मेळाव्यात कशावर बोलशील असं संयोजक ताईंनी फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "बायकांचे केस जातात त्यावर. त्यावरचा उपचार, त्याचा खर्च, आणि तो करायचा की नाही हे कोण ठरवतं, त्यावर." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "अगं, यंदा कौटुंबिक हिंसाचार आहे, रेशन आहे, सातबाऱ्यावर नाव लावायचा प्रश्न आहे. त्यात केस कुठं बसवू?" मी म्हटलं, "हिंसाचार आणि रेशन यांच्या मधे बसवा." त्यांना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती, हे मिळालेल्या अर्ध्या तासात सांगायचा प्रयत्न करते.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

मी एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून, म्हणजे गेली बारा वर्षं, स्त्रियांच्या समुपदेशन केंद्रात काम करते. पाच वर्षांपूर्वी एक बाई केंद्रात आली. वय तिशीच्या आतलं. डोक्यावरचा पदर मुठीत घट्ट धरलेला. नवऱ्याने माहेरी आणून सोडलं होतं. मी अर्ज लिहून घेत होते. मारहाण, हुंडा, खावटी, मूल कुणाकडे, असं सगळं आपल्या पद्धतीप्रमाणे विचारत होते. मधेच तिने पदर मागे सारला आणि डोकं माझ्यापुढे वाकवलं. रुपयाएवढे आणि त्याहून मोठे असे पाच-सहा गुळगुळीत चट्टे. एकही केस नाही. ती म्हणाली, "ताई, ह्याच्यामुळे टाकलं त्यांनी मला. ह्याला किती खर्च येतो हो?"

मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, "केसांचं काय घेऊन बसलीस! डोक्यावर काय आहे त्यापेक्षा डोक्यात काय आहे ते महत्त्वाचं." मला वाटलं, मी फार मोठं स्त्रीवादी वाक्य बोलले. तिने पदर घेतला, सही केली आणि गेली. पुढच्या तारखेला ती आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

तिचा प्रश्न खर्चाचा होता. मी तिला तत्त्वज्ञान दिलं. खर्च मला माहीत नव्हता, आणि माहीत नाही हे कबूल करण्यापेक्षा विषय हलका ठरवणं मला सोपं गेलं. आपल्या केंद्रांतून, गटांतून हे फार होतं, म्हणून तुमच्यापुढे सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझ्याच डोक्यावर चट्टा पडला. वेणी घालताना मोठ्या जावेला दिसला. वयाची चौतिशी. तीन महिन्यांत चार चट्टे झाले, मग ते एकमेकांना मिळाले. आज मी डोक्याला जो रुमाल बांधून आले आहे तो उन्हासाठी नाही, हे तुमच्यापैकी काहींनी ओळखलंच असेल.

तेव्हा मला दोन बाजूंनी सल्ले मिळाले. सासूबाई चांगल्या आहेत, माझ्यावर त्यांची माया आहे. त्या म्हणाल्या, "माझ्या पाटल्या मोड, पण केस आण. चारचौघांत कशी जाशील?" आणि माझ्या कामातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "तू चळवळीतली, तुला कशाला हवेत केस? सरळ चकोट कर आणि फिर." एकीकडून "वाट्टेल तेवढा पैसा घाल", दुसरीकडून "एक पैसाही घालू नकोस". दोन्ही सल्ले प्रेमाचे. पण तुला काय हवंय, असं मला कुणीच विचारलं नाही. त्या रात्री मला ती पदरवाली बाई आठवली.

आता, केस गेल्याने बाईला एवढं का लागतं? ती नटवी असते म्हणून नाही. आपल्या समाजात बाईच्या केसांचा हिशेब शेकडो वर्षं दुसऱ्यांनी ठेवला आहे. गजरा आणि खोपा सवाष्णीचा, आणि नवरा मेला की केशवपन. 'बोडकी' ही शिवी त्यातून आली. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही आपल्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे. पण चाल गेली तरी शब्द राहिला. माझ्या रुमालाकडे बघून बसस्टँडवर एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "बोडकी दिसतीय." म्हणजे आजार माझ्या कातडीचा, पण त्यावर लावायची पाटी दीडशे वर्षांपूर्वीच रंगवून ठेवलेली.

पुरुषाला टक्कल पडलं की आपण श्रीमंतीचं लक्षण म्हणून हसतो. बाईचे केस गेले की विचारतो, काय पाप केलं, कुणाची नजर लागली, रोग पसरणारा तर नाही ना? हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. २०२२ च्या मार्चमध्ये ऑस्करच्या समारंभात जेडा पिंकेट स्मिथ या अभिनेत्रीच्या केस नसलेल्या डोक्यावर व्यासपीठावरून विनोद झाला. आपले केस जात असल्याचं तिने २०१८ मध्येच जाहीरपणे सांगितलं होतं. तिच्या नवऱ्याने विनोद करणाऱ्याच्या थोबाडीत मारली. जगभर चर्चा झाली ती मारणाऱ्या पुरुषाची आणि मार खाणाऱ्या पुरुषाची. जिच्या डोक्यावरून हे झालं ती बाई आणि तो आजार बाजूलाच राहिले.

तर आजाराविषयी बोलू. केस जाणं हा एक आजार नाही. अनेक वेगवेगळ्या कारणांनी केस जातात, आणि खर्चाचा निर्णय घेण्याआधी आपलं कारण कोणतं हे कळलं पाहिजे.

बाळंतपणानंतर, टायफॉइड, डेंग्यू, कोविड अशा तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस गळू लागतात. बाई घाबरून जाते. पण हे बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबतं आणि केस परत येतात. रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं, तरी केस गळतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. अशा बाईला तेलाच्या बाटलीपेक्षा पोटभर खाणं आणि लोहाच्या गोळ्या लागतात. काही बायकांचा भांग वयानुसार रुंद होत जातो. त्यावर मिनॉक्सिडिल हे लावायचं औषध आहे, पण ते लावणं थांबवलं की काही महिन्यांत मिळालेले केस पुन्हा जातात, म्हणजे तो कायमचा खर्च धरायचा. वर्षानुवर्षं घट्ट ओढून बांधल्याने कपाळाकडचे केस जातात, त्यावर पहिला उपाय सैल बांधणं, तोही वेळेवर. लहान मुलांच्या डोक्यात खवले धरून चट्टा पडला तर बुरशी असू शकते, आणि ती पसरते. काही आजारांत केसांच्या मुळाशी व्रण होऊन मूळच मरतं. चट्टा लाल असेल, दुखत असेल, आग होत असेल, तर थांबू नका. तिथं उशीर झाला तर गेलेले केस येत नाहीत.

आणि चाई. गोल, गुळगुळीत, न दुखणारा चट्टा. आपल्याकडे म्हणतात, किड्याने केस खाल्ले. किडा वगैरे काही नसतो. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते. ही चाई कंगव्याने, उशीने, एका अंथरुणात झोपल्याने पसरत नाही. हे घराघरांत सांगा, कारण चाई आलेल्या बाईचं ताट वेगळं केलेलं मी पाहिलं आहे. यात मूळ मरत नाही, झोपतं. म्हणून केस परत येऊ शकतात, आणि पुन्हा जाऊही शकतात.

कारण शोधणं किती महत्त्वाचं आहे, ते आपल्या राज्यानेच पाहिलं. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांना तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागलं. बाया, पुरुष, मुलं, सगळ्यांना. आधी शाम्पूवर संशय, मग पाण्यावर, मग बुरशीवर. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त, लघवी, केस तपासून घेतले. त्यात सेलेनियम हे द्रव्य फार जास्त आढळलं, आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. म्हणजे गरिबाच्या ताटातून आलेली गोष्ट, आणि लोक पैसे घालत होते तेल-शाम्पूवर. त्या गावांतल्या मुलींचं कॉलेज बंद झालं, लग्नं अडली, अशा बातम्या होत्या. रेशनच्या शेजारी मी केस का बसवले, ते आता लक्षात आलं असेल.

आता चाईच्या उपचाराकडे आणि पैशाकडे येते. माझ्या पदरवालीने विचारलेला प्रश्न.

पहिली गोष्ट, काहीच न करणं हाही एक मार्ग आहे. एक-दोन लहान चट्टे असतील तर पुष्कळ जणींचे केस वर्षभरात आपोआप येतात. म्हणूनच कुठलंही तेल, कांद्याचा रस, अंगारा, सगळ्यांनाच यश मिळाल्यासारखं वाटतं. कुणी गुंज उगाळून लावायला सांगतं, ते मात्र करू नका, गुंजेचं बी विषारी असतं.

दुसरा मार्ग, चट्ट्यात स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं. चार ते सहा आठवड्यांनी एकदा, काही महिने. दुखतं. औषध जुनं आहे आणि स्वस्त आहे. मी हीच घेतली, सरकारी दवाखान्यात. सहा महिन्यांचा हिशेब मी वहीत ठेवला होता. औषधाला नऊशे रुपये. एसटी आणि रिक्षाला दोन हजारांच्या वर. आणि सहा दिवस बुडाले. मला रजा मिळाली. रोजाने जाणाऱ्या बाईचे सहा रोज गेले असते, आणि सहाव्या खेपेपर्यंत ती आलीच नसती. मग आपण म्हणतो, "बायका उपचार मधेच सोडतात."

फार केस गेले असतील तर इंजेक्शनं पुरत नाहीत. मग पोटातून स्टेरॉइड देतात. त्याने केस येतात, पण साखर, रक्तदाब, हाडं, वजन यांवर परिणाम होतो, आणि औषध थांबवल्यावर केस पुन्हा जाण्याचा संभव मोठा. चट्ट्यावर मुद्दाम ॲलर्जी आणणारं औषध लावण्याची पद्धतही आहे, त्यासाठी मोठ्या दवाखान्यात नियमाने जावं लागतं.

आणि आता नव्या गोळ्या आल्या आहेत. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिब या गोळीला मोठ्या प्रमाणात चाई पडलेल्या प्रौढांसाठी मंजुरी मिळाली. त्याआधी निम्म्याहून अधिक केस गेलेल्या बाराशे लोकांवर तिच्या दोन चाचण्या झाल्या होत्या. मोठ्या मात्रेची गोळी घेणाऱ्या १०० जणांपैकी ३५ ते ४० जणांच्या डोक्यावर ३६ आठवड्यांत बहुतेक केस आले. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३ ते ६ होतं. म्हणजे औषध काम करतं, हे खरं. पण १०० पैकी ६० जणींना तेवढे केस आले नाहीत, हेही खरं. ही औषधं शरीराची लढण्याची ताकद दाबतात. म्हणून सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावीच लागते, आणि आपल्या देशात ती टाळणं म्हणजे जिवाशी खेळ. गंभीर जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार, कर्करोग यांचे इशारे त्यांच्यावर छापलेले आहेत. ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. गरोदरपणात घेता येत नाहीत. आणि थांबवल्या की बहुतेकींचे केस पुन्हा जातात. आपल्याकडे यातल्या काही औषधांच्या जेनेरिक गोळ्या मिळतात, त्यामुळे परदेशापेक्षा त्या पुष्कळ स्वस्त पडतात. पण हिशेब एका पाकिटाचा करू नका. वर्षाचा करा, तपासण्या धरून करा, आणि किती वर्षं हे विचारून करा.

आता पैसा येतो कुठून? आमच्या वस्तीतल्या बचतगटात एकीने पंचवीस हजारांचं कर्ज घेतलं. रजिस्टरला कारण लिहिलं, शिलाई मशीन. मशीन कधी दिसलं नाही. वर्षाने कळलं, पैसे शहरातल्या एका केसांच्या क्लिनिकमध्ये गेले होते. सहा बैठकांचं पॅकेज, अर्धे आगाऊ, बाकी हप्त्याने. तिचं मूल तेव्हा पाच महिन्यांचं होतं. तिथं कुणी तिला बाळंतपणाचं विचारलं नाही, हिमोग्लोबिन पाहिलं नाही. तिचे केस आपोआप येणारच होते, आणि आले. क्लिनिकने त्याचं श्रेय घेतलं. ती अजून हप्ते फेडते आहे. मी तिला विचारलं, खरं कारण का नाही लिहिलंस? ती म्हणाली, "केसासाठी कर्ज मागितलं असतं तर गटातल्या बाया काय म्हणाल्या असत्या?" मैत्रिणींनो, तो गट आपलाच होता. लाजेने खर्च लपवायला लावला, आणि लपवलेल्या खर्चावर कुणाला सल्ला देता येत नाही.

कायद्याचं एक कलम लक्षात ठेवा. १९४५ च्या औषधविषयक नियमांत 'अनुसूची जे' आहे. हे औषध बरं करतं किंवा टाळतं असा दावा ज्या आजारांबाबत औषधावर करता येत नाही, त्यांची ती यादी. त्यात टक्कल आहे, नवीन केस उगवणंही आहे. तेव्हा "टक्कल कायमचं बरं, खात्रीशीर" असं छापलेली बाटली दिसली की तिचा फोटो काढा, पावती ठेवा, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. हे गटाने करायचं काम आहे, एकटीने नाही.

सरकारी सोयींचं सांगते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत करण्यात आले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथं थोडी फी पडते, पण त्वचारोगाचे डॉक्टर तिथंच हमखास भेटतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड घेऊन बायका विचारायला येतात. ती योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या चाईला तिचा उपयोग होत नाही. खाजगी विमा बहुतेक वेळा "हे सौंदर्याचं आहे" म्हणून हात वर करतो. शरीर स्वतःवर हल्ला करतं, तो आजार सौंदर्याचा कसा? हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. अमेरिकन संसदेच्या सदस्य आयाना प्रेसली यांनी २०२० च्या जानेवारीत कॅमेऱ्यापुढे येऊन आपलं केस नसलेलं डोकं दाखवलं. असा आजार असलेल्यांना विगचा खर्च विम्यातून मिळावा म्हणून पुढे विधेयक मांडणाऱ्यांत त्या होत्या.

विगचं म्हणाल तर आपल्याला ते नवं नाही. आपल्या आज्या गंगावन लावत होत्या, आणि कुणी त्यांना खोटारड्या म्हणत नव्हतं. विग हे मोठं गंगावन समजा. कित्येकींना औषधापेक्षा तोच परवडतो आणि पुरतो. केमोथेरपी घेणाऱ्या बहिणींसाठीही हे सांगते. त्यांचे केस बहुधा उपचार संपल्यावर परत येतात, पण मधले महिने काढायचे असतात.

मग ठरवायचं कसं? मी आता केंद्रात आलेल्या बाईला पाच प्रश्न वहीत लिहून देते आणि डॉक्टरांसमोर ती वही उघडायला सांगते. माझ्या आजाराचं नाव काय? काहीच केलं नाही तर काय होईल? उपचार केला तर माझ्यासारख्या १०० जणींपैकी किती जणींना गुण येतो, आणि किती दिवसांत? थांबवला तर काय होईल? आणि सगळं धरून वर्षाचा खर्च किती? सहावा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा नसतो, घरी येऊन स्वतःला विचारायचा असतो: हे मला हवंय, की दुसऱ्या कुणाला हवंय म्हणून मी करते आहे?

या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर नाही. दोन उत्तरं सांगते.

आमच्या ओळखीची एक जण कापडाच्या दुकानात काउंटरवर होती. केस गेले तसं मालकाने तिला मागे गोदामात घड्या घालायला बसवलं. पगार तोच, पण विक्रीवरचं कमिशन गेलं. तिने नव्या गोळ्या घ्यायचं ठरवलं. क्षयाची तपासणी केली, मूल नको असल्याने पाळणा लांबवण्याची सोय केली, खर्चासाठी भिशी लावली. आठ महिन्यांत केस आले. ती काउंटरवर परत गेली. गोळी सोडली तर केस जातील हे तिला माहीत आहे. ती म्हणते, "मला दिसायला नको होते, मला कमिशन पाहिजे होतं." मालकाचं वागणं अन्यायाचं होतं, आणि त्याच्याशी आपण भांडायला हवं होतं. पण आपलं भांडण होईपर्यंत तिने उपाशी बसावं असं मी तिला सांगणार नाही.

दुसरं उत्तर माझं. इंजेक्शनांनी माझे अर्धे केस आले, आणि पुढच्या वर्षी आले त्यापेक्षा जास्त गेले. डॉक्टरांनी गोळ्यांचं सुचवलं. मी वही काढली, नवऱ्याबरोबर बसून हिशेब केला. परवडलं असतं, ओढाताण करून. पण वर्षानुवर्षं रक्त तपासत राहायचं माझ्या मनाला पटेना. मी थांबले. पहिले दोन महिने आरशासमोर रडले, हे चळवळीतल्या मैत्रिणींपासून लपवलं होतं, आज सांगते. आता रुमाल बांधते, घरात तोही काढते. सासूबाईंच्या पाटल्या त्यांच्या हातात आहेत. उद्या माझं मन बदललं तर मी गोळी सुरू करीन, आणि ते करताना मी हरले असं कुणी समजू नये.

आपण आपापल्या गटांत जाऊन काय करू शकतो? केंद्राच्या अर्जात आजाराचं आणि त्याच्या खर्चाचं एक कलम घाला. टाकलेल्या बाईला हुंड्याबरोबर हेही विचारा. दवाखान्यात जाताना तिच्याबरोबर एकीने जा, कारण सहा खेपा एकटीने होत नाहीत. बचतगटाच्या रजिस्टरमध्ये 'उपचार' हे कारण न लाजता लिहिता येईल असं वातावरण ठेवा, म्हणजे पॅकेजच्या कागदावर सही करण्याआधी ती चार जणींना तो कागद दाखवील. जिल्हा रुग्णालयात त्वचारोगाचे डॉक्टर किती दिवस असतात आणि चाईचं इंजेक्शन साठ्यात आहे का, हे लेखी विचारा. बाहेरून आणायची चिठ्ठी मिळाली तर ती जपून ठेवा, मोफत उपचाराच्या घोषणेसमोर मांडायला तोच पुरावा असतो. आणि 'बोडकी' हा शब्द कानावर आला तर तिथल्या तिथे टोका, बोलणारी आपली आजी असली तरी.

ती पदरवाली बाई मला पुन्हा भेटलेली नाही. तिच्या अर्जावरचा पत्ता जुना निघाला. तुमच्यापैकी कुणाच्या गावात, गटात ती असेल, किंवा तिच्यासारखी दुसरी असेल. ती विचारील, "ह्याला किती खर्च येतो हो?" तेव्हा कृपा करून तिला खर्च सांगा. तिला काय करायचंय ते ती त्यानंतर ठरवील.